आधी भार की आधी पाटा? : लातूर-नांदेड परिसरातील मालवाहनांच्या स्प्रिंगव्यवस्थेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासाचा विचार करताना कापूस, तूर, करडई, साखर कारखाने, आडत बाजार आणि रेल्वेमार्ग यांची चर्चा होते. हा सर्व माल शिवारातून बाजारात आणि बाजारातून दूरच्या शहरात नेणाऱ्या वाहनाची रचना मात्र बहुधा तंत्रज्ञांचा विषय मानली जाते. वाहनाचा सांगाडा आणि त्याची चाके यांच्यामध्ये जी लवचीक योजना असते, तिला स्प्रिंगव्यवस्था किंवा सस्पेन्शन म्हणतात. मालट्रकमध्ये ही योजना मुख्यतः एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची असते. व्यवहारात त्यांना 'पाटे' म्हणतात. पाट्यांना मिळालेला हिसका लवकर शमावा म्हणून जोडलेल्या तेलाच्या नळकांड्यास शॉकॲब्सॉर्बर किंवा बोलीत 'शॉकअप' असे नाव आहे.

ट्रकची उंची कमी करावी काय, पाटे वाढवावेत की काढावेत आणि त्यांना कोणता शॉकॲब्सॉर्बर शोभेल, हे प्रश्न वरवर पाहता गॅरेजमधील आहेत. परंतु त्यांची उत्तरे ज्या क्रमाने दिली गेली, त्या क्रमाला इतिहास आहे. वाहनाने किती भार वाहावा हे आधी ठरवून त्यानुसार चाके, पाटे आणि मार्ग यांची रचना करणे, हा एक क्रम होय. भार हवा तितका भरून नंतर त्याला पुरेल इतके पाटे वाढवणे, हा दुसरा क्रम होय. लातूर-नांदेड परिसराने गेल्या सव्वाशे वर्षांत हे दोन्ही क्रम पाहिले आहेत. पहिल्या क्रमातून दुसऱ्या क्रमाकडे आणि अलीकडे पुन्हा पहिल्याकडे झालेला हा प्रवास तपासणे, हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

बैलगाडी : स्प्रिंग नसलेले वाहन

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या परिसरातील मालवाहतुकीचे प्रमुख साधन बैलगाडी हेच होते. नांदेड जिल्ह्यातील लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातील देवणी हे दोन गोवंश ओढकामासाठी प्रसिद्ध आहेत. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत भरणारा जनावरांचा बाजार हा या वाहतूकव्यवस्थेचा जणू कणाच होता. पारंपरिक गाडीत लाकडी तुंबा, आरे, पुठ्ठे आणि त्यांवर चढवलेली लोखंडी धाव असे. आस थेट गाडीच्या साट्याला जोडलेला असे. मध्ये कोणतीही स्प्रिंग नसे. त्यामुळे वाटेतील प्रत्येक दगडाचा हिसका आसातून साट्यात, साट्यातून मालात आणि जुवाद्वारे बैलांच्या मानेवर पोहोचत असे.

या रचनेत एक मर्यादा मात्र आपोआप पाळली जाई. बैलजोडीची ताकद हीच भाराची सीमा होती. गाडीत अधिक माल भरला, तर बैल चढावर अडत आणि मालकाला पोती उतरवावी लागत. पावसाळ्यात काळ्या जमिनीत अरुंद धाव रुतत असे; म्हणून जड वाहतूक सुगीनंतर, वाटा कोरड्या झाल्यावर होई. भाराची मर्यादा लिहिलेली नव्हती. ती जनावराच्या खांद्याने आणि जमिनीने ठरवलेली होती.

पुढे हवा भरलेल्या रबरी टायरांची गाडी आली. बोलीत तिला 'डनलॉप गाडी' किंवा 'टायरगाडी' म्हणतात. या गाडीतही पाटे नव्हते. पण टायरातील हवा हीच लहानशी स्प्रिंग बनली. ऊसतोडणी मजुरांच्या गाड्यांमुळे हे वाहन साखर पट्ट्यात विशेष रुळले. बंगळूर येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संस्थापक संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या आधुनिकीकरणाचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर मांडला. जनावराच्या मानेवर येणारा ताण हा त्यांच्या मांडणीतील महत्त्वाचा मुद्दा होता. धक्का कोणी सोसायचा, हा प्रश्न अशा रीतीने ट्रकच्या आधीच उभा राहिला होता.

बार्शी लाइट रेल्वे : आधी भार, मग रचना

नांदेडला हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास मिळाला. मनमाड आणि सिकंदराबाद यांना जोडणाऱ्या या मार्गाने नांदेडचा कापूसव्यापार दूरच्या बाजारांशी जोडला गेला. लातूरचा रेल्वे-इतिहास याहून वेगळा आहे आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो अधिक उद्बोधक आहे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७-१९२७) हे इंग्रज अभियंते १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या सेवेत भारतात आले. कमी खर्चात ग्रामीण भागात रेल्वे नेता येईल काय, या प्रश्नाने त्यांना पछाडले होते. १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डूवाडी, ते बार्शी हा अडीच फूट रुंदीचा मार्ग सुरू झाला. १९०६ मध्ये तो पंढरपूरपर्यंत, १९११ मध्ये लातूरपर्यंत आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचला.

कॅलथ्रॉप यांच्या योजनेचे मर्म रुळांच्या अरुंदपणात नव्हते. त्यांनी सर्वप्रथम एक आकडा निश्चित केला : कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा अधिक भार पडणार नाही. हा आकडा ठरल्यामुळे प्रतियार्ड ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरेसे झाले. अधिक माल न्यावयाचा असेल, तर आसावरील भार न वाढवता आसांची संख्या वाढवायची, हे सूत्र ओघानेच आले. चार आसांचा डबा एकूण २० टनांपर्यंत भरता येतो, हा साधा गुणाकार या योजनेचा पाया होता. इंजिनाचे वजनही अनेक आसांवर विभागण्यात आले. डब्यांचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादाचे करण्यात आले, जेणेकरून डब्याचे स्वतःचे वजन कमी राहून मालाला अधिक वाव मिळावा. स्प्रिंगा, चाके, सांगाडा आणि रूळ हे सर्व घटक त्या ५ टनांच्या आकड्याशी बांधलेले होते.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आकाराला आलेली लातूरची गंजगोलाई, जिला १६ रस्ते येऊन मिळतात, आणि ही लाइट रेल्वे यांचा काळ जवळपास एकच आहे. बैलगाडीने गंजात आलेला माल छोट्या रेल्वेने कुर्डूवाडीस जाई आणि तेथे मोठ्या रेल्वेत भरला जाई. हा बदल, म्हणजे हमालांकरवी करावी लागणारी मालाची पालटभरती, हीच या व्यवस्थेची दुखरी बाजू होती. त्यात वेळ जाई, मजुरी लागे आणि पोती फुटत. पुढे ट्रकने लाइट रेल्वेवर मात केली, ती याच ठिकाणी. दुकानाच्या दारात भरलेला माल थेट मुंबई किंवा हैदराबादच्या दारात उतरवण्याची सोय ट्रकने दिली. मात्र ही सोय स्वीकारताना कॅलथ्रॉप यांचा आकडा मागे पडला.

मोटारवाहनाचे आगमन

निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ता वाहतूक विभागाने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांसह सेवा सुरू केली. त्यांत अल्बियन बनावटीच्या गाड्या होत्या. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. याच दशकात देशी ट्रकनिर्मितीला वेग आला. अशोक लेलँड हे नाव १९५५ मध्ये रूढ झाले. त्याच्या आदल्या वर्षी, १९५४ मध्ये, टेल्को कंपनीने डायम्लर-बेंझ यांच्या सहकार्याने जमशेदपूर येथे ट्रक बनवण्यास प्रारंभ केला होता. हा करार १९६९ मध्ये संपला, तरी त्या घडणीचे पाटे आणि आस भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ टिकून राहिले.

पाट्याची कल्पना ट्रकहून जुनी आहे. ताण आणि लांबी यांचे प्रमाण सांगणारा रॉबर्ट हूक यांचा नियम १६७८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये ओबादिया इलियट यांनी घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांचे पेटंट घेतले. ट्रकमध्ये त्याचे अर्धे रूप, म्हणजे अर्धलंबवर्तुळाकार पाट्यांचा जुडगा, स्वीकारण्यात आले. सर्वांत लांब मुख्य पाटा, त्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे, मध्ये सेंटर बोल्ट, आसाला आवळणारे यू-बोल्ट आणि टोकाला लांबी बदलू देणारे शॅकल, अशी ही रचना आहे. ती स्वस्त आहे, लोहाराला कळते आणि रस्त्याच्या कडेला दुरुस्त होते. मराठवाड्यासारख्या प्रदेशात तिचा प्रसार होण्यास हे गुण पुरेसे होते. मात्र लोहाराला सहज कळणारी रचना लोहाराला सहज बदलताही येते. पुढील इतिहास या सोयीतून घडला.

पाटे वाढवण्याची प्रथा : क्रमाची उलटापालट

बैलाची ताकद मर्यादित असते. डिझेल इंजिन मात्र ठरलेल्या भारापेक्षा कितीतरी अधिक भार, हळू का होईना, ओढून नेते. भाडे टनावर मिळते, तर चालकाचा पगार, कर आणि हप्ता खेपेवर किंवा महिन्यावर असतो. यामुळे प्रत्येक खेपेत अधिक टन भरण्याकडे मालकाचा कल होणे स्वाभाविक होते. अडचण एकच होती : अधिक भाराने पाटे सपाट होत, टायर वरच्या फळ्यांना घासे आणि पाटा तुटे. त्यावर पाटे वाढवणे, जाड पाटे बसवणे किंवा हेल्पर पाट्यांचा जुडगा भक्कम करणे, हा उपाय देशभर रूढ झाला. लातूरची तूर व डाळ, नांदेडचा कापूस आणि दोन्ही जिल्ह्यांतील ऊस यांची वाहतूकही त्याच अर्थकारणात चालली.

या उपायाचे परिणाम समजून घेण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. पाट्याचा ताठरपणा पाट्यांच्या संख्येच्या सम प्रमाणात, परंतु जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. एकाच जाडीच्या १० पाट्यांत २ पाट्यांची भर घातली, तर ताठरपणा सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. परंतु सर्व पाट्यांची जाडी एकचतुर्थांशाने वाढवली, तर ताठरपणा जवळपास दुप्पट होतो. ताठर पाटा भाराखाली कमी दबतो. स्थिर भाराखाली पाटा १० सेंमी दबत असेल, तर वाहन सेकंदाला सुमारे १.६ वेळा वरखाली होते. तोच ४ सेंमी दबत असेल, तर ही वारंवारता सुमारे २.५ होते. जड भारासाठी ताठर केलेला ट्रक रिकामा परततो, तेव्हा पाटे फारच थोडे दबतात आणि वारंवारता आणखी वाढते. मानवी शरीर सेकंदाला ४ ते ८ या पट्ट्यातील उभ्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते, हे संपूर्ण शरीराच्या कंपनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकात नमूद आहे. भरल्या ट्रकचा लाभ मालकाला होतो. रिकाम्या ट्रकचा हिसका चालकाच्या पाठीला बसतो.

दुसरा वाटेकरी रस्ता. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ रस्त्यांची विस्तृत चाचणी झाली. तिच्यातून असा निष्कर्ष निघाला की, रस्त्याची झीज आसभाराच्या सुमारे चतुर्थ घाताने वाढते. भारतीय रस्तेआराखड्यात ८.१६ टनांचा आस प्रमाण मानला जातो. या सूत्रानुसार १०.२ टनांचा आस त्याच्या सुमारे २.४ पट आणि १६ टनांचा आस सुमारे १५ पट झीज घडवतो. पाटा वाढवल्याने हा भार कमी होत नाही. तो केवळ डोळ्यांना दिसेनासा होतो. पूर्वी दबलेला पाटा अतिरिक्त भाराची साक्ष देई. वाढवलेल्या पाट्यांनी ही साक्ष पुसली.

लातूर-नांदेड भागातील काळ्या जमिनीमुळे ही बाब अधिक गंभीर होते. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसून भेगाळते. तिच्यावर बांधलेल्या रस्त्याला दोन-तीन पावसाळ्यांत लांब लाटा येऊ शकतात. अशा लाटांवरून जाताना वाहन खोल हेलकावे घेते आणि प्रत्येक हेलकाव्याच्या तळाशी आसभार स्थिर भारापेक्षा अधिक होतो. खराब रस्ता ट्रकला हिसका देतो आणि ताठर ट्रक तोच हिसका रस्त्याला परत करतो.

हिसका शमवणे : शॉकॲब्सॉर्बरची निवड

पाटा हिसका साठवतो. तो नाहीसा करत नाही. साठवलेली ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करणे, हे शॉकॲब्सॉर्बरचे काम होय. मोटारींच्या आरंभकाळात घर्षणावर चालणारी साधने वापरात होती. त्यांच्यामागून तेलावर चालणारी आणि पुढे दुर्बिणीसारखी आत-बाहेर सरकणारी साधने आली. भारतात १९६१ मध्ये गॅब्रिएल इंडिया या कंपनीची स्थापना झाली आणि देशी बनावटीचे शॉकॲब्सॉर्बर उपलब्ध झाले.

तरीही जुन्या घडणीच्या अनेक जड ट्रकांत शॉकॲब्सॉर्बर केवळ पुढील आसावर असत. मागील आसावर पाट्यांचे परस्परांवरील घर्षण हेच हिसका शमवण्यास पुरेसे मानले जाई. ही योजना स्वस्त असली, तरी तिचे दोन दोष होते. पाट्यांमध्ये गंज चढला की घर्षण इतके वाढे की लहान हिसक्यांना पाटा हलतच नसे. वंगण घातले की घर्षण घटे आणि वाहन डोलत राही. पुढे प्रचारात आलेल्या पॅराबोलिक पाट्यांत प्रत्येक पाटा मध्यभागी जाड आणि टोकांकडे निमुळता असतो व पाटे एकमेकांवर जवळपास घासत नाहीत. त्यामुळे वाहन मऊ चालते. परंतु घर्षण गेल्याने योग्य शॉकॲब्सॉर्बर अपरिहार्य ठरतो. जुने पाटे काढून पॅराबोलिक पाटे बसवणे आणि शॉकॲब्सॉर्बर मात्र जुनेच ठेवणे, हा बदल म्हणूनच अपुरा ठरतो.

शॉकॲब्सॉर्बर निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, त्याचा रोध पाट्याच्या ताठरपणाशी आणि वाहनाच्या भाराशी जुळावा लागतो. भार तोच राहून ताठरपणा २० टक्क्यांनी वाढला, तर रोध सुमारे १० टक्क्यांनी वाढवावा लागतो. दोन्ही २० टक्क्यांनी वाढले, तर रोधही तितकाच वाढवावा लागतो. दुसरी, दाबला जाताना आणि ताणला जाताना त्याचा रोध सारखा नसतो. सामान्यतः ताणाच्या वेळी रोध अधिक ठेवतात, कारण दबलेला पाटा उसळून परत येताना वाहन उडवतो. तिसरी, त्याची लांबी. वाहन स्थिर उभे असताना दट्ट्याला दोन्ही दिशांना पुरेशी जागा असावी लागते. केवळ 'कडक' शॉकॲब्सॉर्बर म्हणजे चांगला, ही समजूत या तिन्ही कसोट्यांवर टिकत नाही.

वाहन खाली आणण्याचा प्रश्न

२००५ मध्ये टाटा एस हे छोटे मालवाहन बाजारात आले. त्याला लोकांनी 'छोटा हत्ती' म्हटले. त्यानंतर लातूरच्या आडत बाजारापासून खेड्यापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात छोट्या मालवाहनांची आणि पिकअपची संख्या वाढली. या वाहनांचा हौदा कमी उंचीवर असल्याने पोते चढवणे-उतरवणे सोपे जाते. पाटे वाढवलेले वाहन पुन्हा मूळ उंचीवर आणणे किंवा मूळ उंचीहूनही खाली घेणे, हा विचार या संदर्भात पुढे येतो.

वाहन खाली आणण्याचे तीन मार्ग प्रचलित आहेत : वाढवलेले पाटे काढणे, पाट्यांची कमान कमी करणे आणि आस व पाटा यांच्यामध्ये ठोकळा बसवणे. आस पाट्याच्या वर असेल तरच ठोकळ्याने वाहन खाली येते. आस पाट्याखाली असेल, तर ठोकळ्याने ते उलट उंच होते. वाहन जितके खाली येते, तितके सांगाडा आणि आस यांतील अंतर घटते. जुना शॉकॲब्सॉर्बर तसाच ठेवला, तर दट्ट्या तळाशी आपटू लागतो, तेलसील फुटते आणि पाट्याची उरलेली लवचीकताही निरुपयोगी होते. म्हणून कमी लांबीचा, त्या नव्या अंतराच्या मध्याशी जुळणारा शॉकॲब्सॉर्बर आवश्यक असतो. काही छोट्या वाहनांत मागील ब्रेकचा दाब ठरवणारी झडप आसाच्या उंचीशी जोडलेली असते. वाहन खाली आणल्यास ती रिकाम्या वाहनाला भरलेले समजते आणि मागील चाके अडकू शकतात. पाटे वाढवल्यास नेमके उलट घडते : भरलेले वाहन तिला हलके वाटते आणि मागील ब्रेक अपुरा पडतो.

वाहन खाली आणल्याने ते वळणावर स्थिर होते, असा समज आहे. त्यात तथ्य आहे. पण किती, हे मोजावे लागते. समजा, दोन्ही बाजूंच्या चाकांतील अंतर १.८ मीटर आणि भरलेल्या ट्रकचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १.८ मीटर उंचीवर आहे. टायर आणि पाटे यांचे झुकणे बाजूला ठेवले, तर १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर हा ट्रक तासाला सुमारे ८० किमी वेगाने कलंडण्याच्या सीमेवर येतो. सांगाडा ५ सेंमीने खाली घेतला, तर ही सीमा जेमतेम ८१ किमी होते. उलट माल उंच रचल्यामुळे गुरुत्वमध्य २.२ मीटरवर गेला, तर ती ७२ किमीवर घसरते. प्रत्यक्षात पाटे झुकत असल्याने हे तिन्ही आकडे आणखी खाली येतात. पाटे खाली घेऊन जे मिळते, त्याहून कितीतरी अधिक पोत्यांची वरची थर उतरवून मिळते. वाहन खाली आणण्याचा खरा उपाय भार खाली आणणे हा आहे.

पाण्याचे टँकर या दृष्टीने वेगळे उदाहरण ठरतात. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीत १० डब्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. ज्या दोन शहरांना १९२७ मध्ये कॅलथ्रॉप यांच्या छोट्या रेल्वेने जोडले, त्याच शहरांमध्ये रुंद रुळांवरून ही खेप झाली. शहरात आणि खेड्यांत वाटपाचे काम टँकरनेच केले. १०,००० लिटर पाण्याचे वजन १० टन; टाकीच्या आकारानेच भार ठरून जातो आणि पोत्यांप्रमाणे वर थर रचता येत नाही. मात्र अर्धी भरलेली टाकी वळणावर धोकादायक ठरते, कारण पाणी एका बाजूस धावते. हा धोका पाट्यांनी किंवा शॉकॲब्सॉर्बरने टळत नाही. टाकीतील पडद्यांनी आणि वेग कमी ठेवल्यानेच तो आवरतो.

कायदा आणि आसांची संख्या

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ मध्ये वजनाच्या मर्यादेची, तर कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलाची तरतूद आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करण्यास २००० च्या दुरुस्तीने प्रतिबंध केला. १९९६ च्या अधिसूचनेनुसार चार टायरांच्या एका आसावर १०.२ टन आणि दोन आसांच्या ट्रकसाठी एकूण १६.२ टन ही मर्यादा होती. अतिरिक्त भार आढळल्यास तडजोड शुल्क घेऊन वाहन तसेच पुढे सोडण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन प्रकरणात नोव्हेंबर २००५ मध्ये अमान्य केली. दंड भरला, तरी जादा माल उतरवलाच पाहिजे, असा या निकालाचा आशय आहे. जुलै २०१८ मध्ये मर्यादा वाढवण्यात आल्या : चार टायरांच्या आसासाठी ११.५ टन, दोन आसांच्या ट्रकसाठी १८.५ टन. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने अतिरिक्त भाराचा दंड २,००० रुपये व प्रतिटन १,००० रुपये यांवरून २०,००० रुपये व प्रतिटन २,००० रुपये असा केला.

या कालपटात दोन प्रवृत्ती एकत्र दिसतात. २०१८ च्या वाढीव मर्यादेने चतुर्थ घाताच्या सूत्रानुसार प्रत्येक पूर्ण भरलेल्या आसामागे रस्त्याची झीज सुमारे १.६ पट होते. प्रचलित व्यवहाराकडे कायदा काही पावले सरकला, असाच त्याचा अर्थ होतो. दुसरीकडे दहाचाकी आणि त्याहून अधिक चाकांच्या ट्रकांचा प्रसार झाला. तीन आसांच्या ट्रकला १९९६ च्या अधिसूचनेप्रमाणे २५ टन, तर २०१८ नंतर २८.५ टनांची मुभा आहे. अधिक माल हवा असेल, तर पाटे वाढवण्याऐवजी आस वाढवा, हे सूत्र नवे नाही. लातूरला आलेल्या छोट्या रेल्वेने ते १९११ मध्येच आणले होते. तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, लोहा, नांदेड या क्रमाने जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर आज धावणारे बहुआसी ट्रक, जाणता अजाणता, त्याच विचाराचे वारस आहेत. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग एकविसाव्या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने रुंद झाला. तिचा विचार मात्र रस्त्यावर उतरला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. लातूर-नांदेड परिसरातील मालवाहनांच्या स्प्रिंगव्यवस्थेचा इतिहास हा केवळ तांत्रिक प्रगतीचा इतिहास नाही. भाराची मर्यादा कोणी आणि केव्हा ठरवली, याचा तो इतिहास आहे. बैलगाडीत ती जनावराने ठरवली, लाइट रेल्वेत अभियंत्याने आणि ट्रकमध्ये दीर्घकाळ भाड्याने.

२. पाटे वाढवल्याने भार कमी होत नाही, धक्काही नाहीसा होत नाही. धक्का मालकाकडून चालकाच्या पाठीकडे आणि सार्वजनिक रस्त्याकडे वळवला जातो. या अर्थाने वाढवलेला पाटा हा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकण्याचे साधन आहे.

३. वाहन खाली घेणे आणि शॉकॲब्सॉर्बर निवडणे हे दोन वेगळे निर्णय नाहीत. भार निश्चित झाल्यावर पाट्याचा ताठरपणा, ताठरपणावरून रोध आणि उंचीवरून शॉकॲब्सॉर्बरची लांबी ठरते. पहिला आकडा माहीत नसेल, तर पुढील तिन्ही अंदाज ठरतात.

४. कायद्याची अंमलबजावणी पाट्यांपेक्षा काट्यावर अवलंबून आहे. पाट्यांची उंची पाहून भार ओळखण्याचा काळ वाढवलेल्या पाट्यांनी संपवला आहे. आडत बाजार, साखर कारखाना आणि डाळ गिरणी यांच्या दारातील वजनकाटा मालाची किंमत ठरवण्यासाठी रोज वापरला जातो. त्याच काट्यावर आसभार मोजून वाहन सोडले, तर १८९७ मध्ये बार्शीजवळ ज्या क्रमाने वाहतूक सुरू झाली, तो क्रम रस्त्यावरही प्रस्थापित होऊ शकेल.